छत्तीस नंबरच्या सपाता

भिंत गार होती. तेक्लाने हात टेकवला तो नुसता आधाराला. वरच्या मजल्यावर येणारा नवा लोखंडी जिना दम काढणारा होता. आणि हात टेकवला तसा चटका बसल्यासारखा मागे घेतला. तीस वर्षं लोकरीच्या गिरणीत तुटले धागे जोडून तिच्या बोटांची टोकं निबर झाली होती. उकळत्या चहाचा पेला ती कानाशिवाय धरायची. पण ही भिंत गार असू शकते हे त्या हाताला माहीतच नव्हतं. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिला ही एकच भिंत माणसासारखी वाटली होती, आणि आता ती मेलेल्या माणसासारखी लागत होती. भिंतीवरचा गिलावा खरवडून काढला होता. आतल्या जुन्या विटा उघड्या पडल्या होत्या, तांबड्या, ओबडधोबड, भाजण्याआधी ओल्या मातीवरून कुणीतरी बोटं ओढल्याच्या खुणा अजून ज्यांवर होत्या अशा. मधोमध माणसाच्या उंचीचा एक काळा पट्टा, खाली रुंद, वर निमुळता होत छताकडे गेलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना फळ्यांवर शाली, मोजे, टोप्या आणि दाबलेल्या लोकरीच्या, फेल्टच्या सपातांचे ढीग. तिच्या झोपायच्या जागी आता मेंढीच्या कातड्यांची टोपली होती.

या घरात पाऊल टाकायचं नाही असं तिने कधी ठरवलं नव्हतं. हे घर सोडल्यापासून सत्तेचाळीस वर्षं ती पोलंडमधल्या याच तोरुन शहरात राहत होती, नदीच्या पलीकडच्या सिमेंटच्या चाळींमध्ये, आणि जुन्या शहरात आली की पाय आपोआप मागच्या गल्लीने जात. घर औषधाचं दुकान झालं तेव्हा ऐकलं, मग कसलंसं कार्यालय झालं, मग बंद पडलं, मग लोकरीचं दुकान झालं. ऐकलं आणि सोडून दिलं. आज सकाळी मात्र त्या तरुण डॉक्टरने तिच्या फुप्फुसांचा फोटो उजेडात धरला आणि बोटाने दाखवलं, "हे बघा, इथे आणि इथे. लहानपणचे डाग. चांगले बुजलेत, चुना भरल्यासारखे. त्या काळात ह्याला औषधं कुठे धड मिळायची? खाणं आणि कोरडी, ऊबदार खोली. बाई, तुम्हाला कुणीतरी फार नीट सांभाळलेलं आहे." तेक्ला म्हणाली, "आईने." म्हणाली आणि तिथेच जीभ जड झाली. खोटं बोलल्यावर होते तशी. खोटं नव्हतं तसं. अर्धं होतं. उरलेलं अर्धं घेऊन ती बसमध्ये बसली नाही, चालत सुटली, आणि पायांनी आज मागची गल्ली धरली नाही.

"आणि ही काळी खूण पाहा," दुकानाची मालकीण दोन पाहुण्यांना सांगत होती. पस्तिशीची, कापलेले केस, गळ्यात मोजपट्टी. "तीनशे वर्षांपूर्वी स्वीडिश तोफांनी शहर पेटवलं ना, तेव्हाची काजळी. आम्ही हात लावलेला नाही."

पाहुण्यांनी फोटो काढले. टोप्या घेतल्या. गेले.

"खोटं," तेक्ला म्हणाली.

"काय म्हणालात काकू?"

"काकू कुणाची? खोटं आहे म्हटलं. स्वीडिश तोफा! पोरी, स्वीडिश लोक चिमणीतून आले होते काय? नीट बघ की. खाली रुंद, वर निमुळतं. ही खोली तापवायच्या भट्टीची जागा आहे. फरशा लावलेली भट्टी होती इथे, हिरव्या फरशा, छतापर्यंत."

मालकीण हसली. रागावली नाही, याचाच तेक्लाला राग आला. "अहो, मला काय माहीत! मिस्त्री म्हणाला काजळी जुनी आहे. लोकांना तोफा आवडतात. भट्टीचं नाव काढलं तर कोण फोटो काढतंय? आणि आजच्या दिवसापुरतंच आहे ते. दोन वाजता माणूस येतोय, वाळूचा फवारा मारून साफ करणार. नाताळच्या तोंडावर माल भरलाय आणि ही भिंत मला दिवाळखोर करतेय. गेल्या आठवड्यात तीन पांढऱ्या शाली काळ्या झाल्या."

"साफ करणार?"

"चकाचक."

घड्याळात साडेबारा झाले होते. तेक्ला एका स्टुलावर बसली. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं.

ही खोली म्हणजे घराचा दिवाणखाना. युद्धानंतर घर कागदावर घरमालकिणीचंच राहिलं, पण कुठल्या खोलीत कोण राहणार ते शहराची कचेरी ठरवायची, आणि कचेरीने पाच बिऱ्हाडं कोंबली. एक स्वयंपाकघर, पाच चुली, पाच कुलपं लावलेली पाच कपाटं, एक संडास आणि त्याच्या दारावर वेळापत्रक. तेक्लाच्या आईला, बाप नसलेल्या दोन पोरींसकट, दिवाणखाना मिळाला. छतावर प्लास्टरचे द्राक्षांचे घड होते. आणि जिचं घर तिला, ओतिलियाबाई ग्रामझे हिला, दिवाणखान्यामागची अडीच हात रुंद खोली मिळाली. तिथे पूर्वी मोलकरीण झोपायची. कचेरीतल्या ज्या कारकुनाने तो कागद केला त्याला विनोद करायचा होता की नुसता हिशेब, देव जाणे. कारण भट्टी दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीत होती. तिचं अंग सगळं दिवाणखान्याकडे, आणि तोंड, ते वीतभर लोखंडी दार ज्यातून कोळसा घालायचा आणि राख काढायची, ते मोलकरणीच्या खोलीत. श्रीमंतांना राख बघायची नसते म्हणून मुळातच तसं बांधलेलं. ओतिलियाबाईच्या सासऱ्यानेच कधीतरी बांधलं असेल. आता त्याची सून त्या लोखंडी दारासमोर गुडघ्यांवर बसायची आणि गिरणीकामगार बाईच्या पोरी हिरव्या फरशांना पाठ टेकून बसायच्या. तेक्लाला आठवत होतं, शाळेत बाईंनी न्याय या शब्दाचा अर्थ विचारला तेव्हा तिने हात वर करून हीच गोष्ट सांगितली होती आणि बाईंनी तिला शाबासकी दिली होती. सात वर्षांची होती. त्या शाबासकीची आज तिला शिसारी आली, आणि तरी खरं सांगायचं तर तो कागद करणारा कारकून अगदीच चुकला होता असंही तिला कधी म्हणता आलं नाही. आई आधी तळघरात राहायची. तळघरातच तेक्लाच्या छातीवर डाग पडले होते.

रोज पहाटे आई कोळशाची बादली ओतिलियाबाईच्या खोलीच्या अरुंद दारासमोर ठेवायची, दोनदा टकटक करायची आणि कामावर जायची. दार उघडायच्या आत. तोंड बघायला लागू नये म्हणून. थोड्या वेळाने भिंतीतून लोखंडी दाराचा आवाज यायचा, कर्र, मग खट्, मग अर्ध्या तासाने फरशा कोमट, मग ऊन, मग पाठ लावून बसवणार नाही इतक्या कढत. हिवाळाभर तेक्ला शाळेत जात नव्हती, छातीमुळे. तिचा पलंग भट्टीला लावलेला. दिवसभर त्या भिंतीतले आवाज ऐकत पडून राहायचं हेच तिचं बालपण. बाई खोकली. बाईने राख ओढली. बाई पुटपुटतेय. बाई फुंकतेय. आईने शिकवलेलं होतं की ही बाई म्हणजे मालक लोकांची, रक्त पिणारी जात. तेक्ला कान लावून रक्त पिण्याचा आवाज शोधायची.

एकदा जिन्यात गाठ पडली. राखेची बादली घेतलेली, पुरुषी कोट घातलेली, लहानशी बाई. पाय तर इतके लहान की बुटांत कागद कोंबलेला दिसायचा. ती बाजूला सरली आणि म्हणाली, "या, तेक्लाताई, आधी तुम्ही." तेक्लाताई! तुम्ही! आई तिला कार्टी म्हणायची, शेजारीण म्हणायची खोकली, डॉक्टर म्हणायचा ही. त्या दिवसापासून तेक्ला आवाज ऐकायची तो रक्ताचा शोध घ्यायला नाही. पण हे कुणाला सांगितलं नाही.

"चहा घेणार?" मालकिणीने विचारलं. "मालविना माझं नाव. तुमच्या डोळ्यांत पाणी आलंय म्हणून विचारते, माल खपवायला नाही."

"पाणी नाही. मोतीबिंदू आहे."

"बरं, मोतीबिंदूला लिंबू घालू का साखर?"

तेक्लाला हसू आलं. या पोरीला थोबाडात मारावी की जवळ घ्यावी तिला कळेना. ती म्हणाली, "लिंबू." मालविना चहा करायला आत गेली. आत म्हणजे त्याच अडीच हातांच्या खोलीत. दार काढलेलं होतं, चौकट होती. आत किटली, खोक्यांचा ढीग, एक छोटा फ्रिज. किटली घरघरायला लागली आणि त्या आवाजाने तेक्लाच्या पाठीला ऊब आल्याचा भास झाला, म्हणजे पाठ अजून मूर्खासारखी वाट बघत होती.

बासष्टचा नाताळ. त्या हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून घोडागाड्या गेल्या. कोळसा सणाच्या आधीच संपत आला होता आणि रांगेत उभं राहूनही मिळत नव्हता. तरी पाचही बिऱ्हाडांनी नाताळच्या पूर्वसंध्येचं ताट मांडलं, कारण काहीही झालं तरी ते मांडतात. टेबलावरच्या कापडाखाली गवत, बिटाचं सार, मासा, खसखशीची गोड पोळी, आणि माणसं असतील त्यापेक्षा एक ताट जास्त. वाटेने कुणी अनोळखी आला, एकटा असला, तर त्याचं. सगळा देश ते एक रिकामं ताट मांडतो आणि स्वतःवर खूश होतो. पहिला तारा दिसला, पांढरी पातळ पापडी मोडून एकमेकांना भरवली, आणि सगळे बसले. त्या एका घरात, एका जिन्यावर, पाच रिकामी ताटं. आणि भिंतीत कर्र, खट्. तेक्लाने ऐकलं. आईनेही ऐकलं, तिचा चमचा थांबला. "तिला वरच्या स्मोलेन मंडळींनी बोलावलं असेल," आई म्हणाली. "ते देवभक्त आहेत." वर स्मोलेन मंडळी म्हणत होती, खालच्यांनी बोलावलं असेल, त्यांची तर भट्टी ती पेटवते. तिसरे म्हणत होते, दुसऱ्यांनी. हे सगळं नंतर कळलं, फेब्रुवारीत, जिन्यात, जेव्हा सगळे एकमेकांकडे बघत उभे होते. पण तेक्लाला तेव्हाच माहीत होतं. भट्टीचं दार वाजलं म्हणजे बाई कुणाकडे गेलेली नाही, एवढं न कळायला ती काही तान्ही नव्हती. आठ वर्षांची होती. तिने तोंड उघडलं नाही. का? तर त्यांच्या घरात रिवाज होता, शेवटी रिकाम्या ताटातली खसखशीची पोळी धाकटीला, म्हणजे तिला, मिळायची. पाहुणा आला तर पोळी गेली. एवढंच कारण. छप्पन्न वर्षं तिने याला दुसरं चांगलं कारण शोधलं. सापडलं नाही.

"घ्या. कडक आहे." मालविनाने पेला हातात दिला. "आता सांगा तरी, भट्टीवर इतकी माया कशाला?"

"दोन वाजता येणाऱ्या त्या माणसाला आधी फोन कर."

"काय सांगू?"

"येऊ नको म्हणून."

"आणि शालींचं? तुम्ही भरून देणार?"

"आधी ऐकून घे. मग तुला वाटलं तर येऊ दे. दोन वाजेपर्यंत तुझी भिंत पळून जात नाही."

मालविनाने घड्याळ पाहिलं, खाली दुकानात कुणी नाही असं वाकून पाहिलं, आणि मेंढीची कातडी बाजूला सारून टोपलीच्या काठावर बसली. बरोबर तिथे, जिथे उशी असायची. तेक्लाने हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही. ब्रॉनेक भला माणूस होता, पाट्या रंगवायचा, त्याने माफ करून टाकलं असतं, आणि तिला ते नको होतं. सांगायला लागली ती पाठ गार भिंतीकडे करून, तुटकपणे, दटावल्यासारखी. ताटाचं सांगितलं. पोळीचं सांगितलं. मग जानेवारी.

जानेवारीत बादली अर्धी झाली, मग तळाशी चार ढेकळं, मग एक दिवस आईने रिकामी बादली ठेवली. दोनदा टकटक केली आणि गेली. रिकामी बादली! कोळसा संपला हे तोंडाने सांगायला नको म्हणून, की सवयीने, की लाजेने. आणि भट्टी पेटली. रोज पेटली. आई संध्याकाळी येऊन फरशांना हात लावायची आणि म्हणायची, "बघा, ह्या लोकांकडे साठा असतोच. कुठेतरी पुरून ठेवला असणार. आमच्याच कोळशातला चोरलेला." आणि मग ओले मोजे त्या ऊन फरशांवर वाळत घालायची. एका दुपारी तेक्लाला ताप होता, घरात कुणी नव्हतं, भिंतीतून वेगळाच आवाज आला, काहीतरी कडाडून मोडल्याचा. ती उठली, अनवाणी गेली, दार ढकललं. ओतिलियाबाई खुर्चीचा पाय गुडघ्यावर ठेवून मोडत होती. कोट अंगावर, हातांत फाटके मोजे. तिच्या खोलीत श्वासाची वाफ दिसत होती. भट्टीचं सगळं अंग पलीकडे होतं ना. इकडे नुसतं वीतभर दार, आणि तेही बंद ठेवावं लागतं, नाहीतर धूर.

"तेक्लाताई, तुम्ही काही पाहिलेलं नाही," बाई म्हणाली.

"ती खुर्ची आहे."

"होती. आता सरपण आहे. आणि मोडकीच होती."

"मोडकी नव्हती."

"तुमचे डोळे फार चांगले आहेत. फुप्फुसंही तशी व्हायला पाहिजेत. जा, पाय गार पडतील."

"आईला सांगू?"

बाईने लाकूड खाली ठेवलं. विचार केला. मोठ्या माणसाशी बोलावं तशी बोलली. "सांगितलंत तर आईला लाज वाटेल. लाज वाटली की माणसं भांडतात. मला आता भांडण झेपत नाही, आणि तुम्हाला थंडी झेपत नाही. तेव्हा आपण दोघींनी गप्प राहिलेलं बरं. नाही का?" मग खिशातून वाळवलेल्या सफरचंदाची चकती काढून दिली. तेक्लाने ती घेतली. आभार मानले नाहीत. तिला कुणी शिकवलं नव्हतं की ह्या जातीच्या माणसांचे आभार मानायचे असतात. परत येऊन पलंगावर पडली, पाठ भट्टीला लावली, आणि चकती चघळत तिने ठरवलं की सांगायचं नाही. बाईने सांगितलं म्हणून नाही. सांगितलं असतं तर आईने ते थांबवलं असतं, आणि भिंत गार झाली असती. नंतरचे दिवस ती आवाजावरून ओळखायची. ही दुसरी खुर्ची. हे कपाटाचं दार. ही फळी. हे काय, जाड? हे पलंगाचं लाकूड. आणि तिची छाती सुटत गेली. मार्चमध्ये डॉक्टर म्हणाला, चमत्कार आहे.

"आणि बाई?" मालविनाने विचारलं.

"फेब्रुवारीत गेली. न्यूमोनिया. दोन दिवस भट्टी पेटली नाही म्हणून आईने दार ढकललं. आत काही नव्हतं, पोरी. काहीच नव्हतं. खाली गादी, एक पातेलं, खिळ्यावर कोट. दाराच्या आतला उंबरासुद्धा उपटलेला होता. सगळं घर जिन्यात जमलं होतं. आई आत उभी राहिली, नुसती उभी राहिली. मग म्हणाली, वेडी होती बिचारी. आणि मग जी रडायला लागली..." तेक्ला थांबली. हे ती विसरली होती. आईचं 'वेडी होती' तेवढं तिने जपून ठेवलं होतं, छप्पन्न वर्षं, चाकूसारखं. रडणं टाकून दिलं होतं. आणि त्यानंतरच्या प्रत्येक नाताळला, पहिला तारा दिसला की आई एप्रन न काढता बाहेर जायची, जिन्यावरच्या प्रत्येक दारावर दोनदा टकटक करायची आणि ओरडायची, "कुणी एकटं आहे का रे?" वरचे हसायचे तिला. नव्या चाळीत अकरा मजले होते, तिथेही जायची, गुडघे गेले तरी, लिफ्टने. तेक्लाला त्याची लाज वाटायची. म्हातारी चळली असं वाटायचं. इतकी वर्षं तेक्ला आईवर धुमसत होती आणि आई बिचारी मजल्यामजल्यावर टकटक करत फिरत होती. तिने निदान दारं वाजवली. मी काय केलं? मी ऊब घेतली आणि मोठी झाले.

"तिने का केलं असेल हे?" मालविना हळूच म्हणाली. "तुम्ही तिच्या कोण?"

"मला काय विचारतेस? ते विचारायला तेव्हा जायला पाहिजे होतं." मग चहाचा पेला खाली ठेवून, "उपकार ह्या शब्दाची मला चीड आहे. गिरणीत साहेब करायचे ते उपकार. ही बाई तसं काही करत नव्हती. ती भट्टी पेटवत होती. तिच्या हाताला भट्टी आली होती आणि माझ्या पाठीला भिंत. एवढंच. आणि आज सकाळी तो डॉक्टर म्हणतो, तुम्हाला कुणीतरी फार नीट सांभाळलंय." आता खरंच मोतीबिंदू नव्हता. "ह्या विटांत आहे ती. दुसरीकडे कुठे नाही. कबरसुद्धा वीस वर्षांनी मोडली, पैसे भरायला कुणी नव्हतं. तू ही पुसलीस की संपलं."

मालविना उठली. भिंतीजवळ जाऊन तिने काळ्या विटेवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. आपल्या पांढऱ्या शालींकडे पाहिलं. "मला पुसायची नाहीये हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "पण ही अंगाला लागते! सगळ्या मालाला लागते! काच बसवायला माझ्याकडे पैसे नाहीत. मी काय करू सांगा ना."

आणि तेक्लाला ब्रॉनेक आठवला. स्वयंपाकघराच्या टेबलावर पाटीचा कोळशाने काढलेला कच्चा नमुना, आणि तोंडात फवाऱ्याची नळी धरून फू फू करणारा ब्रॉनेक, सगळ्या घराला आंबूस वास. "दूध," ती म्हणाली. "साय काढलेलं दूध. पाणी घालून फवारायचं. वाळलं की काजळी धरून बसते, हाताला लागत नाही. माझा नवरा कोळशाची चित्रं अशीच पक्की करायचा. तीन हात दे, मध्ये वाळू दे. झाडांवर मारायचा फवारा आहे का तुझ्याकडे?"

"दूध? भिंतीला?"

"लोकर गोमूत्रात धुतलेलीही पाहिली आहे मी. दुधाला काय झालं? जा, समोरच्या दुकानातून आण. बिनसायीचं. आणि त्या वाळूवाल्याला फोन कर आधी."

फोनवर वाळूवाला बराच ओरडला. तो निघाला होता, पुलावर होता, सणाच्या दिवसांत लोक काय खेळ समजतात का. मालविना म्हणाली, "अरे बाबा, पुलावरून परत फिर, सणाच्या शुभेच्छा, तुझ्या बायकोला मोजे पाठवते." मग कोट न घालताच धावत गेली आणि दोन पिशव्या दूध घेऊन आली, केसांवर बर्फाचे कण. दोघींनी शाली काढून जिन्याच्या कठड्यावर टाकल्या. तेक्ला खालून फवारत गेली, मालविना स्टुलावर चढून वरून. पांढरे थेंब काळ्यावर क्षणभर चमकायचे आणि आत जायचे. विटा पीत होत्या. कोरड्या विटा किती पितात! तेक्ला एकेका विटेवरून सावकाश गेली, घाईने केलं की ओघळ येतात, आणि ओल्या मातीवर ओढलेल्या त्या जुन्या बोटांच्या खाचांत दूध साचलं की थांबली. तोंडाने काही म्हणाली नाही. म्हणायचं ते ह्या कामातच म्हणून होत होतं असं तिला वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आभार मानताना मान खाली घातल्यासारखं वाटलं नाही.

"लोकांना काय सांगू मग?" मालविना वरून म्हणाली. "तोफा तर गेल्या."

"नाव सांग. ओतिलिया ग्रामझे. खुर्च्या जाळल्या म्हणून सांग."

"आणि ताटांचं?"

तेक्लाचा फवारा थांबला. सोपं होतं नाही म्हणणं. "तेही सांग," ती म्हणाली. "पाच ताटं. आणि पोळी खाणारी पोरगी अजून जिवंत आहे म्हणून सांग."

तिसरा हात वाळला तेव्हा खिडकीबाहेर दिवे लागले होते. मालविनाने पांढऱ्या मोज्याने वीट पुसून पाहिली. मोजा पांढराच राहिला. ती स्टुलावरच टाळ्या वाजवायला लागली, शाळकरी पोरीसारखी. तेक्ला सपातांच्या फळीकडे गेली. जाड करडं फेल्ट, आत मऊ लोकर, टाच बंद. तिने शिवण ताणून पाहिली, लोकर चोळून पाहिली, नाकाला लावून पाहिली. चांगली होती. तिने एक जोड काढला.

"अहो, हा छत्तीस नंबर आहे," मालविना म्हणाली. "तुम्हाला एकोणचाळीस लागेल. पाय दिसतायत की मला."

"माझ्यासाठी नाही."

मालविनाने तिच्याकडे पाहिलं आणि मग सपाता कागदात गुंडाळल्या, आणि पैसे घेताना तेक्लाने डोळे वटारले म्हणून पुरते घेतले.

सोमवारी, नाताळच्या पूर्वसंध्येला, नदीपलीकडच्या चाळीत सातव्या मजल्यावर चार वाजता अंधार पडला. तेक्लाने दोन ताटं मांडली. सार गरम केलं. पहिला तारा धुक्यामुळे दिसला नाही, तरी वेळ झाली होती. तिने एप्रन काढला नाही. जिन्यात गेली, अकराव्या मजल्यापासून खाली दारोदार दोनदा टकटक करत आली आणि विचारत आली, "कुणी एकटं आहे का?" कुणी हसलं. एकाने दारच उघडलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या विधुर मास्तरांनी उघडलं, मागे टीव्ही चालू होता, आणि ते म्हणाले, "एकटाच आहे, पण मला काही नको." "तुम्हाला कुणी विचारलंय? बिटाचं सार सांडेल, लवकर या," ती म्हणाली. मास्तर आले. दारात बूट काढून उभे राहिले, पाहुणे उभे राहतात तसे, घरातल्या सपातांची वाट बघत. पायपुसण्यावर करड्या फेल्टचा नवा जोड मांडलेला होता. मास्तरांनी तिकडे पाय नेला.

"त्या नाही," तेक्ला म्हणाली, आणि कपाटातून ब्रॉनेकच्या जुन्या काढून दिल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने आणखी एक ताट आणलं, तिसरं, त्यात खसखशीची मोठी पोळी वाढली, आणि छत्तीस नंबरच्या सपाता उचलून गरम रेडिएटरवर ठेवल्या, लोकरीची बाजू खाली करून.